गरम टायरची हवा

संपादकांनी तीन हजार शब्द मागितले. मी म्हटलं, दीड हजार. दोन हजारांवर पटलं. भाव केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलं नाही आणि दिलंही नाही. दिवाळी अंकाला तरी सूट का द्यावी? त्यांना टायरच्या धंद्यातल्या गमती हव्या होत्या. गमती आहेत. पण मला लिहायचं आहे ते दगूनानांबद्दल. या माणसावर मी चौदा वर्षं राग धरून होतो, हे आधीच सांगून टाकतो.

आधी धंदा समजून घ्या. टायरच्या दुकानात लोक टायरचे पैसे देतात, पंक्चरचे देतात, हवेचे द्यायला मात्र कुणाचा हात खिशात जात नाही. हवाच ती, म्हणतात. खरं तर गाडीचं ओझं टायर उचलतच नाही, आतली हवा उचलते. रबर फक्त त्या हवेला धरून ठेवतं. हवा कमी असली की चाकाच्या दर फेऱ्याला टायरची कूस, म्हणजे बाजू, दुमडते, दुमडून दुमडून तापते आणि एक दिवस फाटते. जास्त असली तर गाडी उडते, ब्रेक नीट लागत नाही. म्हणून प्रत्येक गाडीचा एक आकडा ठरलेला असतो. कंपनी तो दाराच्या कडेला चिकटवून देते. आमचा सगळा धंदा त्या आकड्यावर उभा आहे. आता गंमत अशी की नव्वदच्या सुमारास नाशकात तो आकडा कुणी वाचत नव्हतं. टायरला दांडका मारायचा आणि कान द्यायचा.

दांडका मारणाऱ्यांत दगूनाना पहिले. सटाण्याकडचे, बोलणं अहिराणी. नाशकातच द्वारका चौकात, हायवेच्या कडेला त्यांचं दुकान होतं. मी पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून कामाला आलो, सातपूरला दोन कंपन्यांतून भांडून बाहेर पडलो आणि नानांकडे टिकलो. ते मला डोंगऱ्या म्हणायचे. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी अंगावर गेलो असतो. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. टायर कडेला झिजला की हवा कमी, मधोमध झिजला की जास्त, एकाच बाजूनं झिजला की चाक तिरपं, हे सगळं त्यांनी शिकवलं. त्यांच्या बाभळीच्या दांडक्याला हाताची जागा गुळगुळीत झाली होती. ट्रक येऊन उभा राहिला की ते प्रत्येक चाकाला एक ठोका द्यायचे आणि मान तिरपी करून ऐकायचे. हवा पुरेशी असली तर आवाज खणखणीत यायचा, कमी असली तर थप्प. मला म्हणायचे, "टायर बोलस रे डोंगऱ्या. आपण आयकनं पडस."

मीही ऐकायला शिकलो. पण मला कानावर भागेना. जुन्या बाजारात घासाघीस करून मी हवा मोजायचं एक हातभर लांब मीटर घेतलं आणि नानांनी ठोका दिलेला टायर पुन्हा मोजायला लागलो. बऱ्याचदा त्यांचा कान बरोबर निघायचा. कधी आठ-दहा पौंडांचा फरक निघायचा; हवेचा दाब आम्ही पौंडात मोजतो. तो मी मनात ठेवायला हवा होता. मी ड्रायव्हरांसमोर बोलायचो.

"नाना, मीटर पन्नास दाखवतंय."

"तुन्हं मीटर खोटं बोलस. मन्हा कान नही."

ड्रायव्हर हसायचे. कोण हरलं, ते त्यांना कळत नव्हतं, मलाही.

आता ती पद्धत, जिच्यामुळे सगळं घडलं. उन्हाळ्यात टायर फुटतात, हे सगळ्यांना दिसायचं. त्यावरून सगळ्यांनी ठरवलं होतं की उन्हानं हवा फुगते म्हणून टायर फुटतो. तेव्हा उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची. होळी झाली की नाना प्रत्येक चाकातून दहा पौंड काढायचे. "उन्हाळा शे. दहा काढ." आग्र्यापासून मुंबईपर्यंत सगळे तेच करत होते. मी कुठल्याशा टायर कंपनीच्या माणसाकडून ऐकलं होतं की हे उलटं आहे. कमी हवेचा टायरच जास्त तापतो.

एका एप्रिलमध्ये भर दुपारी बाळूचा टेम्पो आला. पिंपळगावहून द्राक्षं भरून मुंबईला निघालेला. बाळू आमचा नेहमीचा ड्रायव्हर, गाणी म्हणत गाडी लावणारा. नानांनी ठोके दिले, दहा काढायला सांगितले आणि जेवायला बसले. मी काढले. मग मीटर लावलं. पन्नास. टेम्पोचा आकडा साठ. नानांची पाठ होती. मी पुन्हा हवा भरून चारही चाकं साठ केली आणि बाळूला म्हटलं, "जा, आता निर्धास्त."

संध्याकाळी बातमी आली. कसारा घाटात मागचा टायर फुटला, टेम्पो कठड्याला घासला. बाळूचा उजवा हात मोडला होता. द्राक्षांच्या पेट्या रस्ताभर.

नानांनी मला विचारलं, "तू काय करं?" मी खरं सांगितलं. साठ भरली, कंपनीच्या आकड्याप्रमाणे. त्यांनी माझं मीटर उचललं आणि पंक्चर बघायच्या टाकीत फेकलं. तिथं उभ्या असलेल्या सात-आठ ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याना हात आंधळा शे, कान बहिरा शे. याले कोनी टायर दावू नका."

मारलं असतं तर मी विसरलो असतो. हे वाक्य विसरलो नाही. द्वारकेपासून ओझरपर्यंत मला कुणी कामाला ठेवेना. मी टाकीतून मीटर काढलं, सातपूरला त्र्यंबक रस्त्यावर एका पानटपरीशेजारी हवेची मोटर टाकली आणि स्वतःच्या जिद्दीवर दुकान उभं केलं. मग शेड आलं, चाकं सरळ करायचं मशीन आलं, पाटीवर माझं, काशिनाथचं, नाव आलं. बाळूचा हात वाकडाच राहिला. ड्रायव्हरकी सुटली आणि तो आमच्याच भागातल्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. मी रोज त्याच्या समोरून जायचो, हात करायचो आणि मनात म्हणायचो, माझं काही चुकलं नव्हतं. टायर रिमोल्ड होता, झिजलेल्यावर नवं रबर चढवलेला. नानांनी माझ्यावर ढकललं.

दुकानात तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं यायची. नायट्रोजनची हवा निघाली तेव्हा एक साहेब मला विचारायचे, "शुद्ध आहे ना? मागच्या वेळी गाडीला ढेकर आल्यासारखं वाटलं." पण मला आठवतात त्या कांबळेबाई. मागच्या कॉलनीत राहायच्या, शाळेत विज्ञान शिकवायच्या. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सातला दुकान उघडायच्या आत हजर. लुना चालवत नाही, ढकलत आणायच्या.

"बाई, पेट्रोल वाचवता का?"

"चालवत आणली तर टायर तापतो हो. पुस्तकात लिहिलंय, थंड असताना मोजा."

"दोन गल्ल्यांत काय तापणार?"

"तुम्ही मोजा. मी लिहून घेते."

त्या गेल्यावर आम्ही पोट धरून हसायचो. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला ठाऊक होतं. दाराच्या पट्टीवर आकड्याशेजारी तसंच लिहिलेलं असतं. पण गिऱ्हाईक दुपारी येतं. त्याला 'सकाळी या' म्हटलं की ते समोरच्या दुकानात जातं. मग तो 'थंड' शब्द मी वाचायचं सोडून दिलं होतं. फक्त आकडा वाचायचो.

असं चालू असताना, दोन हजार सालानंतर बऱ्याच वर्षांनी, एका एप्रिलच्या दुपारी दुकानासमोर एक मोठी परदेशी गाडी येऊन थांबली. पिंपळगावचा द्राक्ष व्यापारी, पस्तिशीचा, नाव संजय. मुंबईहून जुन्यात घेतली होती. काचेमागच्या पडद्यावर एक पिवळा दिवा लागला होता: टायरच्या आडव्या कापासारखं चित्र आणि मध्ये उद्गारचिन्ह.

"नाशकात टायरची एवढी दुकानं," संजय म्हणाला, "पण सासरे म्हणाले, काशाकडेच चल."

मी मागच्या काचेतून आत पाहिलं. दगूनाना. थकले होते, कानावर पांढरे केस, मांडीवर तोच दांडका. आता तो टेकायला लागत होता.

"आता त्यांना ऐकू येत नाही," संजय म्हणाला. "अगदी कानाशी ओरडावं लागतं."

माझ्या डोक्यात काय आलं, ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, म्हातारा तमाशा बघायला आलाय. आणि मला हेही वाटलं की सौदा करायची हीच वेळ.

"संजयशेठ, काम करतो. मजुरी एक पैसा नको. तुमच्या सासऱ्यांनी या सगळ्यांसमोर एकच वाक्य म्हणायचं. बाळूच्या टेम्पोत काशाचं चुकलं नव्हतं. बस."

संजय बिचारा गोंधळला. पण त्यानं वाकून नानांच्या कानात ते ओरडून सांगितलं. रस्त्यावरची माणसंसुद्धा वळून पाहायला लागली.  नाना जावयाला म्हणाले, "मजुरी दे त्याले. पुरी दे."

मी मजुरी दुप्पट लावली आणि काम सुरू केलं.

अशा गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत, हवा भरायच्या व्हॉल्वच्या मुळाशी, सुपारीएवढा एक डबा बसवलेला असतो. तो हवा मोजतो आणि बिनतारी पडद्यावर कळवतो. हवा उतरली की दिवा लागतो. टायर काढताना पहार चुकून त्या डब्याला लागली तर तो फुटतो आणि नवा परदेशातून मागवावा लागतो. मी देवाचं नाव घेऊन टायर काढला. एका चाकात खिळा होता. तो काढला, पंक्चर बुजवलं. मग चारही चाकांना मीटर लावलं. तीन चाकांत अडतीस. दारावरचा आकडा बत्तीस. मी शहाण्यासारखी जास्तीची हवा काढून चारही बत्तीस केली. शेवटी पडद्यावर 'सेट' शोधून बटण दाबून धरलं. दिवा विझला. मी नानांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संजयचा फोन.

"काशिनाथशेठ, दिवा पुन्हा लागला."

"शक्य नाही. गाडी कुणी हलवली?"

"रात्रभर दारात उभी आहे. सासरे बघून हसताहेत."

ते ऐकून माझं डोकं सटकलं. "हलवू नका," म्हटलं, "मी येतो." मोटारसायकलला पायपंप बांधला, मीटर पिशवीत घातलं आणि पिंपळगाव गाठलं तेव्हा ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं. गारवा होता. चारही चाकांना मीटर लावलं. सव्वीस, सव्वीस, सव्वीस, सव्वीस. पडद्यावरही तेच. पंक्चर असतं तर एकच चाक उतरलं असतं. चारही एकसारखी उतरली होती.

मी तिथंच फरशीवर बसलो. काल ती गाडी पिंपळगावहून तीस किलोमीटर तापत आली होती. त्या तापलेल्या टायरांत मी बत्तीस केली. रात्री ते निवले आणि खरी हवा दिसली. बरं, 'सेट' दाबलं की गाडी विचारत नाही हवा बरोबर आहे का. ती समजते की या घडीला आहे तीच बरोबर. मी तिला चुकीचं शिकवलं होतं, आणि तरी सकाळी सव्वीस दिसताच तिनं दिवा लावला.

कांबळेबाईंची ढकलत आणलेली लुना माझ्या डोळ्यांसमोर आली. आणि तिच्यामागून बाळूचा टेम्पो. तोही भर दुपारी आला होता, भरलेला, तापलेला. मी त्यात साठ भरली ती गरम टायरात. निवल्यावर ती पन्नासच्या आसपासच असणार. म्हणजे नानांनी कमी केली होती आणि मी जी भरली तीही कमीच होती. ते म्हणत होते मी जास्त भरली, ते खोटं. मी म्हणत होतो मी बरोबर भरली, तेही खोटं. चौदा वर्षं मी ज्या आकड्यावर उभा होतो, तो आकडाच गरम होता.

पायपंपानं चारही चाकं बत्तीस केली. घाम आला. बटण दाबलं. आता गाडी थोडी चालवायला लागते, तेव्हा ती नवा आकडा धरते. संजय गाडीत बसला, मी मागे बसलो. नाना न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसले, दांडका गुडघ्यांमध्ये.

आम्ही हायवेनं वडाळीभोईकडे निघालो. पडद्यावर चार चाकांचे चार आकडे होते, मोठे, नानांना वाचता येतील एवढे. बत्तीस. थोड्या वेळानं तेहेतीस. ऊन वर आलं, चौतीस. नाना पडद्यावरून नजर हलवेनात.

"हवा कोन भरस?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, मामा!" संजय ओरडला. "तापली की आपोआप वाढते!"

पस्तीस. छत्तीस. नानांनी दांडक्यावरची बोटं एकेक करून उचलली आणि परत टेकवली, मोजत असल्यासारखी. उभ्या आयुष्यात किती ट्रकांतून त्यांनी ती वाढलेली हवा काढून टाकली असेल, ते मला माहीत होतं. सहा वर्षं ती माझ्या हातानं काढली होती.

"नाना," मी मागून म्हटलं, "बाळूच्या टेम्पोत मीही दुपारीच मोजली होती."

त्यांनी मान वळवली नाही. संजयनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "सांगू का त्यांना? जोरात?"

"नको. मीच सांगतो."

वडाळीभोईच्या आधी चहाची एक टपरी लागली तिथं नाना म्हणाले, "थांबव." ते उतरले. मी धावत त्यांच्या बाजूला गेलो. माझं खरं असतं तेव्हा ओरडायला मला कधी कष्ट पडले नाहीत. त्या सकाळी पडले. त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, "नाना! त्या दिवशी माझंही चुकलं! मी गरम टायरात भरली! बाळूचा हात माझ्यामुळेही मोडला!"

टपरीवरचे लोक कप हातात धरून बघत राहिले. नानांनी माझ्याकडे पाहिलं.  सौद्यातलं ते एक वाक्य मला आता नकोच होतं, आणि त्यांनीही दिलं नाही.

(बाळूच्या गेटवर मी त्याच आठवड्यात गेलो. तेच त्याला सांगितलं. तो डाव्या हातानं चहा देत म्हणाला, "काशा, मला तर वाटायचं माझंच चुकलं. मी घाटात पळवत होतो." तिघे तीन जागी चौदा वर्षं तेच धरून बसलो होतो, आणि माझं चुकलं असं म्हणणारा बाळू एकटाच होता. दुकानावर पाटी लावली: हवा सकाळी दहाच्या आत. निम्मं गिऱ्हाईक समोर गेलं. जाऊ दे.)

नाना पुढच्या चाकापाशी गेले. एका हातानं बॉनेट धरलं, दुसऱ्या हातानं दांडका उचलला आणि टायरला ठोका दिला. जुन्या सवयीनं मान तिरपी केली. वाट पाहिली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पुन्हा ठोका दिला. मग वाकून टायरवर तळहात ठेवला, आणि तसाच ठेवून माझ्याकडे वर बघितलं.

"काय बोलस?"

मी खाली बसलो. "पुन्हा मारा, नाना."

त्यांनी मारला. मी ऐकलं. मग त्यांना ओठ दिसावेत म्हणून सावकाश म्हणालो, "खणखणीत बोलस, नाना."

त्यांनी मान हलवली आणि मागच्या चाकाकडे निघाले. मी बरोबर. ठोका, माझा कान, माझं तोंड, त्यांची मान. तिसरं चाकही तसंच झालं. चौथ्या चाकापाशी त्यांनी दांडका माझ्या हातात दिला, गाडीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "मार, डोंगऱ्या."

बाभूळ अजून तशीच गुळगुळीत होती. मी ठोका दिला. नाना टायरकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.